नसबंदी होऊन तीन दिवस झाले, कुत्री कोन (टाके चाटू नयेत म्हणून गळ्यात घालायची शंकूसारखी प्लास्टिकची कॉलर) घालून भिंतींना धडकते, जेवत नाही. रात्रीपुरता काढला तर चालेल का?

नाही. रात्री तर मुळीच नाही. दिवसा निदान तुमचं लक्ष असतं. तुम्ही झोपलात की तिला रान मोकळं, आणि टाके उसवायला दहा मिनिटंही पुरतात.

‘लाळेत औषध असतं, चाटू द्या’ म्हणणारं कुणीतरी तुमच्याही घरी येऊन गेलं असेल. या मंडळींशी वाद घालून मी थकलोय. लाळेत जंतू मारणारे थोडे घटक असतात, कबूल. पण त्याच तोंडात जखम चिघळवणारे जंतूही भरपूर असतात, जीभ खरखरीत असते, आणि सतत ओली राहिलेली कातडी धड जुळून येत नाही. शिवाय चाटता चाटता पुढचे दात दोऱ्याला लागतातच.

दोष बहुधा कोनाच्या मापाचा असतो. कडा नाकाच्या टोकापुढे 3-4 सेंटिमीटर हवी आणि गळ्यापाशी दोन बोटं जातील इतकी जागा. फार मोठा कोन जमिनीला अडकतो, आखूड असला तर तोंड पोटापर्यंत पोचतं. पारदर्शक घ्या, बाजूचं दिसलं की धडकणं कमी होतं. जेवणाचं भांडं कोनाच्या तोंडापेक्षा अरुंद हवं आणि पाटावर उंच ठेवा. तरी अडलंच तर समोर बसून जेवणापुरता काढा, शेवटचा घास गेला की परत चढवा. फुगवायची गळपट्टी लांब तोंडाच्या कुत्रीला पोटाच्या टाक्यांपासून रोखत नाही. कापडी सूट चालतो, पण शूला नेताना मागून सोडायचा आणि ओला झाला की लगेच बदलायचा.

खरी कसोटी चौथ्या-पाचव्या दिवशी. दुखणं ओसरतं, खाज सुटते, अंगात जोर येतो. आतला स्नायूंचा थर मात्र अजून कच्चाच असतो. सोफ्यावरची एक उडी महागात पडते. टाक्यांखाली पाणी साचून मऊ गाठ येते ती बरेचदा अशा धावपळीनेच. म्हणून 10 ते 14 दिवस पट्टा लावून शू-शीपुरतंच बाहेर. जिना, अंघोळ, दुसऱ्या कुत्र्याशी मस्ती बंद. जखमेवर पावडर, मलम, जंतुनाशक काहीही मनाने लावू नका. रोज दोनदा बघा, फोटो काढून ठेवा म्हणजे कालच्याशी ताडता येतं. पू, दुर्गंधी किंवा टाक्यांत फट दिसली तर त्याच दिवशी दवाखाना. हिरड्या पांढुरक्या पडल्या आणि कुत्री मलूल झाली तर पोटात रक्तस्राव होत असू शकतो, तेव्हा तासभरही थांबू नका.

माणसांची वेदनाशामकं, म्हणजे आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक वगैरे, अजिबात देऊ नका. पशुवैद्यांनी दिलेली गोळी खाल्ल्यावर उलट्या किंवा काळी शी झाली तर पुढचा डोस थांबवून त्यांना फोन करा.

हे सगळं नसबंदीपुरतं. हाडाच्या शस्त्रक्रियेचं गणित वेगळं, तिथे आठवडे लागतात. आणि जेवणाचं म्हणाल, तर भुलीमुळे पहिला दिवस तोंड फिरवणं ठीक. तिसऱ्या दिवशी कोन काढूनही ती खात नसेल, तर ते कोनाचं दुखणं नव्हे. आजच दाखवा.