शून्य लावणारा माणूस

प्रिय पोरी,

क्विझच्या फायनलला पोचल्याचा तुझा मेसेज वाचून मी घरात मोठ्याने ओरडलो. दुसऱ्याच ओळीत मात्र तू विचारलंस, "सर, आता काय पाठ करू?" काही करू नकोस. राजधान्या, नोबेल, 'भारतातील पहिली महिला' वगैरे जे तुला येतं ते समोरच्यांनाही येतं, म्हणून तर तेही तिथे आहेत. त्यापेक्षा वही-पेन घेऊन एक सामना समजून घे. अमेरिकेतल्या 'जेपर्डी!' या टीव्हीवरच्या क्विझने 2020 च्या जानेवारीत आपले तीन सगळ्यात मोठे विजेते एकमेकांसमोर उभे केले होते, त्यातला 14 तारखेचा शेवटचा सामना.

केन जेनिंग्ज 2004 मध्ये सलग 74 वेळा जिंकलेला. जेम्स होल्झहाउअर लास वेगासचा, खेळांवर पैसे लावणं हाच त्याचा धंदा. 2019 मध्ये त्याने 32 सामने जिंकले. तिसरा ब्रॅड रटर, तोवर या खेळात कुठल्याही माणसाकडून न हरलेला (2011 मध्ये त्याला आणि केनला हरवलं ते वॉटसन या संगणकाने). तीन सामने आधी जिंकेल तो दहा लाख डॉलर नेणार. एका सामन्यात दोन डाव, दोन्हींच्या गुणांची बेरीज. पहिला सामना केनने 63,400 विरुद्ध 63,200 असा घेतला. दोनशेचा फरक! त्यांच्याकडे सगळ्यात सोपा प्रश्न दोनशेचाच असतो. 'सिटर' आहे म्हणून तू ज्या प्रश्नाला नाक मुरडतेस ना, तो.

आता चौथा सामना. केनचे दोन विजय झालेले, जेम्सचा एक. प्रत्येक डावाच्या शेवटी एक प्रश्न असा असतो की फक्त विषय सांगतात आणि प्रश्न दिसायच्या आत तुम्ही किती गुण पणाला लावता ते लिहून द्यायचं. बरोबर आलं तर तेवढे वाढतात, चुकलं तर तेवढे जातात. पहिल्या डावात केनकडे 32,800 होते. त्याने सगळेच्या सगळे लावले आणि 65,600 केले. जेम्स 34,181 वर राहिला.

दुसऱ्या डावात जेम्स उसळला. शेवटच्या प्रश्नाआधी या डावात त्याचे 44,000, केनचे 23,000. विषय आला शेक्सपिअरच्या शोकांतिका. इथे थांब, आणि पुढे वाचायच्या आधी वहीत गणित मांड. तू केनच्या जागी असतीस तर किती लावले असतेस?

बेरीज धरली तर केन 88,600, जेम्स 78,181. जेम्सने सगळं लावून बरोबर उत्तर दिलं तर तो 1,22,181 वर जातो. केनने स्वतःचे सगळे दुप्पट केले तरी 1,11,600. म्हणजे तसं झालं तर केन काहीही करो, हरलाच. आणि जेम्स मागे असल्यामुळे त्याला मोठा आकडा लावणं भागच होतं; तो चुकला की खाली कोसळणार आणि केनचे 88,600 जागच्या जागी पुरेसे. मग केनने स्वतःच्या उत्तरावर कशाला काय लावायचं? त्याने शून्य लावलं.

प्रश्न होता: नाटकाला ज्याचं नाव नाही अशा पात्रांपैकी सर्वाधिक, 272 वेळा बोलणारं पात्र कोणतं? केनने 'ऑथेल्लो'तला इयागो लिहिलं, ते बरोबर होतं, पण त्याचा एकही गुण वाढला नाही. जेम्सने 'हॅम्लेट'मधला होरेशिओ लिहिलं, 44,000 गेले आणि सामना संपला. लोक म्हणतात जेम्सने जुगार खेळला. मला पटत नाही. त्याचा आकडा बरोबर होता, उत्तर चुकलं. या दोन गोष्टी वेगळ्या मोजायला शीक, नाहीतर एका चुकलेल्या उत्तरानंतर पुढचे चार प्रश्न घाबरून सोडशील.

मला या सामन्यात आवडतो तो एकाच माणसाने अर्ध्या-पाऊण तासात घेतलेला उलटा निर्णय: आधी सगळं, मग काहीच नाही. दोन्ही वेळा त्याने छातीला नाही, फळ्यावरच्या आकड्यांना विचारलं.

आता बझर. 'जेपर्डी!'त निवेदकाचं वाचन संपल्यावर दिवे लागतात, तोवर बझर बंद. घाईने दाबलंस तर पाव सेकंद तुझं बटण मुकं होतं, आणि तेवढ्यात दुसरा घेऊन जातो. आपल्याकडे बहुतेक ठिकाणी मध्येच दाबता येतं, आणि ते जास्त घातक. माझंच सांगतो. कॉलेजात असताना एका वाहिनीच्या स्पर्धेत प्रश्न सुरू झाला, "राज्याचं हिवाळी अधिवेशन जिथे भरतं…" मी बझर हाणला. "नागपूर!" क्विझमास्तरांनी शांतपणे उरलेला प्रश्न वाचला, "…ते शहर 1956 पर्यंत कोणत्या राज्याची राजधानी होतं?" मध्य प्रदेश. मला येत होतं गं! उणे दहा, आणि आम्ही पाच गुणांनी हरलो. माझा जोडीदार परतीच्या एसटीत स्वारगेटपर्यंत खिडकीबाहेर बघत बसला होता.

तेव्हा आयोजकांना आजच फोन करून तीन गोष्टी विचार. बझर कधी उघडतो, उणे गुण किती, आणि बरोबरी झाली तर काय. लाजू नकोस, नियम विचारणाऱ्याला कोणी हसत नाही. क्विझमास्तरांचे जुने भाग सापडले तर डोळे मिटून ऐक. ते प्रश्नाच्या कळीच्या शब्दाआधी श्वास घेतात का, आवाज कुठे उतरतो, एवढंच टिपून ठेव.

रविवारी चारला घरी ये, जोडीदारालाही आण. बझर माझ्याकडे नाही. दोन स्टीलचे डबे आणि दोन चमचे काढून ठेवतो. गुण फळ्यावर मी लिहीन, आणि दर पाच प्रश्नांनी थांबवून विचारीन की आत्ता किती लावशील. काकू साबुदाण्याची खिचडी करणार आहे.

तुझा,
सर