‘ग्रेडियस’ आज पहिल्यांदा खेळणाऱ्याला आवडेल का? त्याची बलस्थाने आणि उणिवा कोणत्या?

पडदा सरकत असताना गोळ्या झाडत जायच्या जुन्या स्क्रोलिंग शूटर प्रकारात ‘ग्रेडियस’चे नाव इतके का घेतले जाते आणि ज्याने तो लहानपणी खेळलेला नाही त्याला आज त्यात काही सापडेल का, असा आपला प्रश्न आहे. मी हा गेम प्रथम खेळलो तो पुण्याच्या तपकीर गल्लीत मिळणाऱ्या स्वस्त कन्सोलवर, एकाच कॅसेटमध्ये कोंबलेल्या अनेक खेळांपैकी एक म्हणून. मूळ आर्केड आवृत्ती, म्हणजे नाणे टाकून खेळायच्या यंत्रावरची, बऱ्याच उशिरा, संगणकावर खेळायला मिळाली. या दोन्हींच्या आधारे सांगायचे तर पहिली लाइफ शाबूत असेपर्यंत हा गेम कोणालाही आवडेल. ती गेल्यानंतरही आवडतो की नाही, यावर खरे उत्तर अवलंबून आहे.

कोनामी या जपानी कंपनीने हा गेम १९८५ साली आर्केडसाठी काढला आणि १९८६ मध्ये तो फॅमिकॉम या निन्टेंडोच्या घरगुती कन्सोलवर आला. ‘विक वायपर’ नावाचे आपले यान डावीकडून उजवीकडे जात असते, पडदा स्वतःच्याच गतीने सरकत राहतो आणि समोर येईल त्याचा निकाल लावायचा असतो. इतपत त्या काळच्या अनेक गेममध्ये होते. वेगळेपण आहे ते पडद्याच्या तळाशी असलेल्या पट्टीत. ठरावीक शत्रू मारले, किंवा रांगेने येणारी अख्खी टोळी टिपली, की कॅप्सूल मिळते आणि पट्टीवरची खूण एक घर पुढे सरकते: आधी वेग, मग क्षेपणास्त्र, डबल, लेझर, ऑप्शन आणि शेवटी समोरचा मारा झेलणारी ढाल. इतर गेममध्ये समोर पडलेली वस्तू उचलली की ती लगेच लागू होते. इथे साठवलेले कुठे खर्च करायचे ते आपण ठरवतो आणि बटण दाबले की खूण पुन्हा शून्यावर येते.

या एका योजनेमुळे गोळ्या झाडण्याच्या खेळात हिशेब शिरतो. सुरुवातीला यान इतके संथ असते की पहिली कॅप्सूल वेगावर खर्च केल्यावाचून गत्यंतर नसते. मात्र हावरटपणे वेग वाढवत गेलात तर अरुंद जागेत तेच यान आवरत नाही आणि भिंतीवर आदळते, कारण वाढवलेला वेग कमी करता येत नाही. डबल घेतले तर एक गोळी तिरकी वर जाते आणि छताला चिकटलेल्या तोफा टिपता येतात, पण लेझर घेताच डबल जाते. ऑप्शन हे तर अस्सल कल्पकतेचे काम आहे. ते चकाकणारे गोळे, आईचा पदर धरून चालणाऱ्या पोरासारखे, आपण ज्या वाटेने गेलो त्याच वाटेने मागोमाग येतात, आपल्याबरोबर गोळ्या झाडतात आणि आपण थांबलो की जागच्या जागी थांबतात. त्यामुळे यान खाली सुरक्षित ठेवून ऑप्शन वर सोडायचा आणि दोन्हीकडून मारा करायचा, अशी मांडणी हळूहळू हाताला जमू लागते. मोआई, म्हणजे ईस्टर बेटावरच्या दगडी चेहऱ्यांसारख्या, पुतळ्यांच्या स्टेजमध्ये, जिथे दगडी तोंडांतून गोल कड्यांचा मारा होतो आणि नेमक्या त्या तोंडावरच नेम धरावा लागतो, हे कौशल्य फार उपयोगी पडते.

आता उणीव, आणि ती लहान नाही. यान फुटले की साठवलेले सर्व जाते आणि गेम आपल्याला मागच्या ठरावीक जागेवर आणून ठेवतो: संथ, निःशस्त्र, समोर मात्र तोच मारा, जो पूर्ण सज्ज यानाच्या बेताने रचलेला आहे. पुढच्या स्टेजमध्ये एक लाइफ गेली की उरलेल्याही पाठोपाठ जाण्याचा अनुभव जवळजवळ प्रत्येकाला येतो. काही जाणकार या पुनरुभारणीलाच गेमचा खरा कस मानतात. त्यांच्या म्हणण्यात तथ्य आहे, परंतु नवख्याच्या दृष्टीने ही शिक्षा चुकीच्या मानाने फार मोठी आहे. फॅमिकॉमसाठी रूपांतर करणारे काझुहिसा हाशिमोतो यांनाच चाचणी करताना हा गेम फार अवघड गेला, म्हणून त्यांनी गेम थांबवून वर-वर-खाली-खाली-डावे-उजवे-डावे-उजवे-बी-ए दाबण्याची सोय ठेवली, ज्यामुळे जवळजवळ सर्व शस्त्रे एकदम मिळतात. पुढे कोनामीच्याच ‘कॉन्ट्रा’ या गेममुळे घरोघरी पोहोचलेला कोनामी कोड तो हाच. निर्मात्यालाच पळवाट लागली, यात काय ते आले.

दुसरी उणीव म्हणजे एकामागून एक स्टेजच्या शेवटी येणारे तेच ते ‘बिग कोअर’ जहाज. गाभ्यापुढचे अडसर फोडून मधोमध मारा करत राहायचे, एवढेच काम. नुसते चुकवत बसलात तरी काही वेळाने ते स्वतःच फुटते. मिकी हिगाशिनो यांचे संगीत मात्र अजून शिळे वाटत नाही.

फॅमिकॉम आवृत्तीच्या मर्यादा यंत्राच्या आहेत. त्या यंत्राला एका आडव्या ओळीत आठपेक्षा जास्त स्प्राइट (हलणारी छोटी चित्रे) दाखवता येत नसल्यामुळे, पहिल्या स्टेजच्या शेवटी ज्वालामुखी दगड ओकू लागले की चित्रे लुकलुकतात. आर्केडमध्ये चार ऑप्शन मिळतात, इथे दोनच. लेझरही लांबलचक रेषेऐवजी आखूड तुकड्यांत सुटतो. आमच्या गल्लीत सुट्टीत पाळी लावून खेळताना त्या लुकलुकण्याबद्दल कोणी तक्रार केल्याचे आठवत नाही, परंतु आज दोन्ही आवृत्त्या उपलब्ध असताना आर्केडचीच निवडावी.

त्यासाठी २०२५ साली आलेला ‘ग्रेडियस ओरिजिन्स’ हा संच सोयीचा आहे, कारण त्यात खेळ मागे नेण्याची आणि सरावाची सोय आहे. माझी सूचना एवढीच की, पहिल्या दोन स्टेज त्या सोयीवाचून खेळाव्यात, म्हणजे पट्टीचा हिशेब अंगवळणी पडेल. मोआईंपासून पुढे ती बिनदिक्कत वापरावी.