रिसेलर होस्टिंगवर कंपनी रोज बॅकअप घेते म्हणते. मग मी वेगळा बॅकअप ठेवायची गरज आहे का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: रिसेलर खात्यावर (कंपनीकडून घाऊक जागा घेऊन ग्राहकांना पुरवायचं खातं) साठेक ग्राहकांच्या साइट आणि मेल आहेत, होस्टिंग कंपनी रोज बॅकअप घेते असं सांगते, शिवाय कोल्हापुरात शाहूपुरीतल्या ऑफिसात एक नॅस (नेटवर्कला जोडलेला साठवणीचा डबा) ठेवलेला आहे. एवढ्यावर भागेल का, आणि आणखी काही करायचं तर त्याचे पैसे ग्राहकाकडून घ्यावेत का?

भागणार नाही. का, ते आधी सांगतो, कारण पुढचं सगळं त्यावरच ठरतं. डिस्क खराब झाली, सर्व्हर बसला, तर ते निस्तरायला कंपनीची माणसं असतात. रिसेलरवर येणारं खरं संकट म्हणजे कंपनीच हातची जाणं. राजारामपुरीतल्या माझ्या ओळखीच्या एका रिसेलरवर हे आलं. त्यांच्या एका ग्राहकाची वर्डप्रेसची जुनी साइट हॅक झाली, तिच्यावर कुणीतरी बँकेचं खोटं लॉगिन पान चढवलं, तक्रार झाली, आणि कंपनीनं ती एक साइट बंद करायची सोडून अख्खं रिसेलर खातं सस्पेंड केलं. तेही शुक्रवारी संध्याकाळी. रोजचे बॅकअप होते, शाबूतही होते; पण ते उतरवून घ्यायचं बटण ज्या पॅनेलमध्ये, ते पॅनेलच उघडत नव्हतं. शनिवारी सकाळपासून शिरोलीच्या फौंड्रीवाल्यांचे फोन सुरू: "अहो, कालपास्नं मेल येईना झालाय, पार्टीची ड्रॉइंगं अडकल्यात." सपोर्टला घातलेल्या तिकिटाला उत्तर आलं सोमवारी.

म्हणून स्वतःला विचारायचं ते हे, की उद्या सकाळी या कंपनीनं मला दारात उभं केलं नाही, तर माझ्या हातात काय उरतं? तुमच्या बाबतीत सध्या नॅसवर असेल तेवढंच.

कंपनी सस्पेंड करते असंच नाही, ती स्वतःही बुडू शकते. डेन्मार्कच्या क्लाउडनॉर्डिक या होस्टिंग कंपनीचं ऑगस्ट २०२३ मध्ये तेच झालं. सर्व्हर एका डेटा सेंटरमधून दुसरीकडे हलवले, त्यातले काही आधीच बाधित होते, नव्या जागी ते अंतर्गत नेटवर्कला जोडले गेले आणि हल्लेखोर थेट मुख्य व्यवस्थापनापर्यंत आणि बॅकअपपर्यंत पोचले. मूळ डेटाही एन्क्रिप्ट, म्हणजे किल्लीशिवाय न उघडणारा, बॅकअपही एन्क्रिप्ट. बहुतेक ग्राहकांचा सगळा डेटा गेला, हे कंपनीनंच जाहीर केलं. त्याआधी १० मार्च २०२१ ला फ्रान्समध्ये स्ट्रासबुर्गला ओव्हीएच या होस्टिंग कंपनीची एसबीजी२ ही इमारत जळाली, तेव्हा बॅकअपचे वेगळे पैसे भरलेल्या काही ग्राहकांना कळलं की आपला बॅकअप त्याच इमारतीत होता.

आता तुमच्या हातात काय आहे ते बघू. डब्ल्यूएचएम म्हणजे सर्व्हरवरची सगळी खाती सांभाळायचं पॅनेल; त्यातलं बॅकअप कॉन्फिगरेशन रूटकडे, म्हणजे सर्व्हरचा पूर्ण ताबा असलेल्या कंपनीकडे असतं, रिसेलरला ते दिसत नाही. तुम्हाला मिळतो तो प्रत्येक सीपॅनेलमधला (एकेका ग्राहकाच्या खात्याचं पॅनेल) फुल बॅकअप, आणि तो एफटीपी किंवा एससीपीनं बाहेरच्या मशीनवर पाठवता येतो. तिथं 'होम डिरेक्टरी' हा पर्याय निवडू नका. फाइल त्याच खात्यात पडून राहते आणि खात्याबरोबर जाते. वर्डप्रेसच्या अपड्राफ्टप्लस या बॅकअप प्लगिनचंही तेच. रिमोट स्टोरेज जोडलं नसेल तर त्याचे बॅकअप साइटच्या डब्ल्यूपी-कंटेंट फोल्डरमध्येच साठतात, आणि त्यात मेल मुळात नसतातच. साठ खात्यांचं काम रोज हातानं होणार नाही, पण सीपॅनेलच्या एपीआयला (प्रोग्रामकडून हुकूम घ्यायची सोय) ते सांगता येतं. एक छोटी स्क्रिप्ट आणि ती ठरल्या वेळी चालवणारा क्रॉन एवढं पुरतं. कंपनी जेटबॅकअप हे बॅकअपचं सॉफ्टवेअर देत असेल तर रिसेलरला स्वतःचं बाहेरचं ठिकाण जोडू देतात का, ते लेखी विचारून घ्या. अमुक जीबीच्या किंवा अमुक इनोडच्या (म्हणजे फाइलींच्या संख्येच्या) वरच्या खात्यांचा बॅकअप घेत नाही, असं कलम त्यांच्या अटींत आहे का, तेही बघा. बऱ्याच कंपन्यांच्या अटींत ते असतं, आणि तुमचा सगळ्यात मोठा ग्राहक नेमका त्यात बसतो.

फुल बॅकअपमध्ये एक मेख आहे. तो परत चढवायला रूट लागतं. ना ग्राहकाला जमतं, ना सहसा रिसेलरला. होम डिरेक्टरी, डेटाबेस, फॉरवर्डर (मेल दुसऱ्या पत्त्यावर वळवणाऱ्या नोंदी) यांचे सुटे बॅकअप मात्र सीपॅनेलमधून स्वतः चढवता येतात. म्हणून दोन्ही ठेवा, आणि दुसऱ्या एखाद्या कंपनीकडे लहानसं रिसेलर खातं आत्ताच उघडून ठेवा. फुल बॅकअपची फाइल दिली तर त्यांचा सपोर्ट ती किती वेळात चढवून देतो, हे शांततेच्या दिवसांत एखाद्या खात्यावर करून बघा.

बॅकअप ठेवायची जागा वेगळ्या कंपनीची, वेगळ्या लॉगिनची आणि वेगळ्या पेमेंट कार्डावर चालणारी हवी. मेल आयडीही असा, की जो तुमच्याच सर्व्हरवर नाही. एस३ पद्धतीचं (अॅमेझॉनच्या धर्तीचं) कुठलंही ऑनलाइन स्टोरेज चालेल. सर्व्हर जर्मनीत असेल तर बॅकअप मुंबईत ठेवा, मुंबईत असेल तर बाहेर. आणि सर्व्हरकडे असलेल्या किल्लीला तिथं लिहायचा अधिकार द्या, पुसायचा देऊ नका. ऑब्जेक्ट लॉक (ठरलेल्या मुदतीत फाइल पुसू न देणारी सोय) लावा, नाहीतर बॅकअप मशीननंच सर्व्हरकडून डेटा ओढून घ्यावा अशी रचना करा. सर्व्हर ज्याच्या हातात पडला त्याला बॅकअप पुसता आला नाही पाहिजे, या एका गोष्टीसाठी मी कितीही वेळ द्यायला तयार असतो. फक्त सात दिवसांच्या प्रती ठेवूनही चालत नाही, कारण साइट हॅक झाल्याचं पुष्कळदा महिन्यानं कळतं आणि तोवर साती प्रतींत तोच कचरा गेलेला असतो. तीस दिवसांच्या रोजच्या प्रती आणि त्यामागं काही महिन्यांची एकेक, एवढं तरी असू द्या.

बिलिंगला डब्ल्यूएचएमसीएस वापरत असाल तर नुसता त्याचा डेटाबेस घेऊन उपयोग नाही. कॉन्फिगरेशन.पीएचपी या फाइलमध्ये एन्क्रिप्शनचा हॅश (किल्लीसारखी लांब खूण) असतो. तो हरवला तर डेटाबेसमध्ये साठवलेले पासवर्ड उलगडत नाहीत. रेस्टिकसारखं बॅकअपचं साधन वापरलंत तर त्याच्या पासवर्डचंही तसंच. तो कागदावर लिहून घरातल्या कपाटात ठेवा.

आता वेळेचा हिशोब. साठ खाती, प्रत्येकी सरासरी तीन जीबी धरली तर १८० जीबी. दोन डेटा सेंटरमध्ये १०० एमबीपीएसनं हा डेटा हलायला चार तास लागतात, तेही वेग पूर्ण मिळाला तर. तोच डेटा तुमच्या ऑफिसातून २० एमबीपीएसच्या अपलोडवर चढवायचा म्हटला तर वीस तास. म्हणजे नॅस ही तिसरी प्रत म्हणून उत्तम. साइट उभ्या करायला दुसरी प्रत नेटवरच हवी. आणि सगळं एकदम उभं राहत नाही, तेव्हा क्रम आधीच ठरवा. फौंड्रीची साइट दोन दिवस बंद राहिली तर कुणाचं अडत नाही, पण तिचा मेल दोन तासही बंद चालत नाही. चपलांचं ऑनलाइन दुकान दिवाळीच्या आधी पहिलं. नवरात्रात अंबाबाईच्या देवळाजवळच्या लॉजच्या बुकिंगच्या साइट पहिल्या. शाळांच्या साइट जूनमध्ये वर, एरवी खाली. कुणाचा किती तासांचा डेटा गेला तर चालेल हेही त्याच यादीत लिहा. दुकानाच्या डेटाबेसचा बॅकअप दर तासाला लागेल, शाळेला रोजचा पुष्कळ झाला.

चढवून न बघितलेल्या बॅकअपवर विसंबू नका. गिटलॅबसारख्या, प्रोग्रामरांचा कोड सांभाळणाऱ्या कंपनीत ३१ जानेवारी २०१७ ला एका इंजिनियरकडून चालू डेटाबेस पुसला गेला, तेव्हा बॅकअपच्या पाचही पद्धती कामाला आल्या नाहीत. डेटाबेसचा डंप (बॅकअपसाठी काढलेली प्रत) व्हर्जन न जुळल्यामुळं कधीचा फेल होत होता आणि फेल झाल्याचे मेल सर्व्हर नाकारत होता, म्हणून कुणाला पत्ताच नव्हता. सहा तासांपूर्वी दुसऱ्याच कामासाठी घेतलेला एक स्नॅपशॉट (त्या क्षणाची प्रत) होता म्हणून ते वाचले. महिन्यातून एकदा एक खातं निवडा, दुसऱ्या सर्व्हरवर चढवा, साइट उघडते का, ऑर्डर दिसतात का, मेलबॉक्समध्ये कालचा मेल आहे का, ते डोळ्यांनी बघा.

आता डीएनएस (कुठलं डोमेन कुठल्या सर्व्हरकडे जायचं ते सांगणारी नोंदवही) आणि मेल. बहुतेक रिसेलर इथंच अडकतात. तुमचे नेमसर्व्हर (ही नोंदवही ठेवणारे) त्याच सर्व्हरवर असतील तर खातं बंद पडल्यावर तुम्हाला साइट दुसरीकडे वळवताच येत नाही. साठ डोमेनचे नेमसर्व्हर एकेक करून बदलत बसावं लागतं, त्यातली निम्मी डोमेन ग्राहकाच्या पुतण्याच्या नावावर. डीएनएस आजच बाहेर, वेगळ्या सेवेवर न्या. डोमेनही शक्यतो होस्टिंग कंपनीकडे नकोत. सीपॅनेलचा टीटीएल (इतरांनी जुनी नोंद किती वेळ धरून ठेवायची ती मुदत) सहसा १४४०० सेकंद, म्हणजे चार तास असतो. महत्त्वाच्या नोंदींचा ३०० करून ठेवा.

सर्व्हर बंद असताना बाहेरून येणारे मेल लगेच परत जात नाहीत. पाठवणारा सर्व्हर साधारण चार-पाच दिवस पुन्हापुन्हा प्रयत्न करत राहतो, तेवढी सवड तुम्हाला असते. पण घाईत एमएक्स (मेल कुठं पोचवायचा ते सांगणारी डीएनएसची नोंद) नव्या सर्व्हरकडे वळवला आणि तिथं मेलबॉक्स अजून बनलेले नाहीत, तर तो सर्व्हर "असा पत्ता नाही" असं ठाम उत्तर देतो आणि मेल कायमचा परत जातो. आधी सगळे मेलबॉक्स, मग एमएक्स. आणि ग्राहकाचं आउटलुक आयमॅपवर (मेल सर्व्हरवरच राहतात ती पद्धत) असेल तर त्याहून जपा. नव्या सर्व्हरवर त्याच नावाचा रिकामा मेलबॉक्स आला की आउटलुक त्याच्याशी जुळवून घेतं आणि संगणकावर दिसणारे जुने मेलही नाहीसे होतात. म्हणून संकटाच्या दिवशी ग्राहकाला पहिला फोन हा करायचा: आउटलुक ऑफलाइन ठेवा, जुने मेल पीएसटी फाइलमध्ये काढून घ्या, मी सांगेपर्यंत जोडू नका. हे फोन नंबर डब्ल्यूएचएमसीएसमध्येच असतील आणि तो त्याच सर्व्हरवर असेल, तर फोन कुणाला करणार? नंबर मोबाइलमध्ये आणि कागदावर हवेत, सपोर्टचा मेल आयडीही बाहेरचा हवा.

राहिला नॅस. तुम्ही शाहूपुरीत आहात, तेव्हा २०१९ तुम्हाला मी सांगायला नको. राजाराम बंधाऱ्यावर धोका पातळी ४३ फूट, आणि त्या ऑगस्टमध्ये पंचगंगा ५५ फुटांच्या वर गेली होती. हायवे कित्येक दिवस बंद, बऱ्याच भागांत वीज नाही, नेट नाही. २०२१ च्या जुलैत पुन्हा तेच. तुमचा सर्व्हर मुंबईत किंवा जर्मनीत कोरडा असेल, पण तो चालवणारे तुम्ही पाण्यात असाल. नॅस तळमजल्यावरून वर न्या आणि पातळी ३९ फुटांच्या इशाऱ्याला पोचली की तो बंद करून गावाबाहेर हलवायचा, असा नियमच करा. ऑथेंटिकेटरचे (लॉगिनला दुसरा कोड देणारं अॅप) रिकव्हरी कोड छापून दुसऱ्या जागी ठेवा. आणि पुण्यात किंवा बेळगावात असा एक विश्वासातला माणूस ठेवा, ज्याच्याकडे पाकिटात सगळं लिहिलेलं आहे आणि ज्यानं त्यावरून एक खातं स्वतः चढवून बघितलेलं आहे.

हॅकिंग किंवा डेटाचोरी असेल तर कळल्यापासून सहा तासांत सर्ट-इनला (सायबर सुरक्षेची केंद्र सरकारची संस्था) कळवावं लागतं, हे एप्रिल २०२२ च्या त्यांच्या निर्देशांत आहे. तो पत्ताही त्याच कागदावर लिहा.

पैसे जरूर मागा, पण बिलात वेगळी ओळ लिहून: रोजचा बॅकअप, बाहेरच्या ठिकाणी, तीस दिवस, इतक्या तासांत साइट परत. ज्याला ही ओळ नको त्याच्याकडून नको म्हणून सही घ्या. माझा अनुभव असा, की सहीचा कागद पुढं ठेवला की बहुतेक जण पैसे भरायला तयार होतात. जे होत नाहीत, त्यांचाही आठवड्यातून एक बॅकअप मी ठेवतो, कारण साइट गेल्यावर त्यांचा फोन मलाच येणार असतो.