पणजीच्या फोंताइन्हासमध्ये लख्ख उन्हात, माणसांशिवाय गल्लीचे फोटो कसे काढावेत?

तुम्ही डिसेंबरात पणजीला येताय, फोंताइन्हासच्या रंगीत गल्ल्या तुम्हाला उन्हात हव्या आहेत आणि फ्रेममध्ये माणूस नको आहे. मी पणजीतच राहतो, या गल्ल्यांत कॅमेरा घेऊन कायम फिरतो. माझं सांगणं एवढंच की एडिटिंगचा विचार नंतर करा, आधी कुठल्या भिंतीवर ऊन कधी येतं ते बघून घ्या.

या वस्तीच्या पूर्वेला ओरेमची खाडी आणि पश्चिमेला आल्तिनोची टेकडी. त्यामुळे खाडीकडे तोंड असलेल्या घरांवर सूर्य वर आला की थेट ऊन पडतं, आणि दुपार कलली की टेकडी ते लवकर अडवते. म्हणजे काम सकाळचंच. डिसेंबरात सूर्योदय सातच्या आसपास होतो. सुरुवात खाडीकाठच्या रस्त्याने करा आणि मग आत वळा.

आतल्या अरुंद गल्ल्यांत ऊन आधी वरच्या मजल्यावर येतं आणि तिथून हळूहळू खाली जोत्यापर्यंत उतरतं. मला हाच वेळ सगळ्यात आवडतो. पिवळ्या किंवा निळ्या भिंतीवर तिरपं ऊन पडलं की गिलाव्याचा खडबडीतपणा दिसतो, शिंपल्यांच्या तावदानांची खिडकी असेल तर ती दुधी चमकते. रस्ता अजून सावलीत असतो. फ्रेम थोडी वर उचला, बाल्कनी, कौलं आणि आकाशाचा तुकडा घ्या; खालून जाणारी माणसं आपोआप बाहेर राहतात. पार्क केलेल्या स्कूटरही बाहेर राहतात, आणि खरं सांगायचं तर इथे माणसांपेक्षा त्यांचाच त्रास जास्त. एक्स्पोजर उन्हातल्या भिंतीवर धरा. भिंतींच्या कडांचे पांढरे पट्टे जळत असतील, म्हणजे तपशील जाऊन नुसते पांढरे दिसत असतील, तर अर्धा-पाऊण स्टॉप कमी करा (एक स्टॉप कमी म्हणजे प्रकाश निम्मा).

सकाळी गल्लीतून जाणारा माणूस थांबत नाही. पाव विकणारा पोदेर सायकलवरून पुढे निघून जातो, कामाला निघालेले भराभर चालतात. जरा धीर धरलात की गल्ली मोकळी मिळते. पर्यटक मात्र नाश्ता आटोपून आले की एकाच दारापुढे उभे राहतात, त्यावर कुठलंच तंत्र चालत नाही. चालणारा पुसला जातो, थांबलेला राहतो, हे जुनंच आहे. १८३८ मध्ये फोटोग्राफीच्या आद्य प्रवर्तकांपैकी एक असलेल्या फ्रान्सच्या दागेरने पॅरिसच्या एका वर्दळीच्या रस्त्याचा फोटो काढला. एक्स्पोजर काही मिनिटांचं असल्यामुळे चालणारी माणसं आणि गाड्या उमटल्याच नाहीत. बूट पॉलिश करून घेत थांबलेला एक माणूस तेवढा दिसतो.

एनडी फिल्टर, म्हणजे लेन्सपुढे लावायची प्रकाश कमी करणारी गडद काच, त्यामागचं तत्त्व हेच. १० स्टॉपच्या फिल्टरने सेकंदाच्या १२५व्या भागाचं एक्स्पोजर सुमारे आठ सेकंदांचं होतं. गल्लीसाठी ते अपुरं पडतं, पांढऱ्या शर्टाचा धूसर पट्टा राहतोच. त्यापेक्षा ट्रायपॉडवर, फोकस आणि एक्स्पोजर मॅन्युअल ठेवून, थोड्या थोड्या अंतराने दहा-पंधरा फ्रेम घ्या आणि फोटोशॉपमध्ये मीडियन काढा, म्हणजे प्रत्येक ठिकाणी सगळ्या फ्रेममधली मधली किंमत घेतली जाते. प्रत्येक जागा निम्म्याहून जास्त फ्रेममध्ये रिकामी असेल तर माणसं पूर्ण जातात. सगळं दोन-तीन मिनिटांत उरका, नाहीतर सावलीची रेघ सरकते आणि कड बिघडते.

आणखी एक, आणि हे मला फार महत्त्वाचं वाटतं. ही लोकांची राहती घरं आहेत. पर्यटकांच्या गोंगाटाला रहिवासी कंटाळलेत, काही घरांवर फोटो काढू नका अशी पाटीही आहे. तिथे कॅमेरा खालीच ठेवा. पायरीवर कुणी आजी बसली असेल तर तिला बाजूला व्हायला सांगू नका, तुम्ही पुढच्या गल्लीत जा. ट्रायपॉड भिंतीलगत लावा, स्कूटरला वाट राहू द्या. आणि कुणाच्या दारासमोर बराच वेळ थांबायचं असेल तर आधी घरच्यांना विचारा.