अभियांत्रिकीच्या पदव्युत्तर शिक्षणासाठी चीनमधील विद्यापीठ कसे निवडावे?

जागतिक क्रमवारीपेक्षा आपल्या विषयाची प्रयोगशाळा आणि मार्गदर्शक प्राध्यापक यांना अधिक महत्त्व द्यावे, असे माझे ठाम मत आहे. बीजिंगचे त्सिंगह्वा विद्यापीठ सर्वत्र नावाजलेले आहे; मात्र रेल्वे अभियांत्रिकीसाठी छंगडू येथील साउथवेस्ट जियाओतोंग आणि जहाजबांधणीसाठी शांघाय जियाओतोंग यांची परंपरा जुनी व भक्कम आहे. अभ्यासक्रम इंग्रजीत असला तरी प्रयोगशाळेतील रोजचे बोलणे बहुधा चिनी भाषेतच चालते, म्हणून ती निघण्यापूर्वीच शिकू लागावे. चीन सरकारच्या शिष्यवृत्तीसाठी अर्ज करण्याआधी प्राध्यापकांची लेखी संमती मिळवणे हिताचे ठरते. अवकाश अभियांत्रिकीत अग्रेसर असलेली हार्बिन तंत्रज्ञान संस्था २०२० मध्ये अमेरिकेच्या निर्यात-निर्बंध यादीत गेली, त्यामुळे पुढे अमेरिकेत जाऊ इच्छिणाऱ्यांनी या बाबीचा आधीच गांभीर्याने विचार करावा.