आमच्या बिलिंगच्या एसक्यूएल सर्व्हरमधून (डेटाबेस सांभाळणारं सॉफ्टवेअर) जुन्या वर्षांची बिलं डिलीट केली, तरी फाइलची साइज तेवढीच का राहते आणि सी ड्राइव्ह भरलेलाच का दिसतो?

डिलीट केल्याने फाइल लहान होत नाहीच, त्यासाठी वेगळं श्रिंक (फाइलमधली रिकामी जागा काढून ती लहान करणं) करावं लागतं, पण आधी बघा की नक्की कुठली फाइल फुगलीय. एसक्यूएल सर्व्हर डिलीट झालेली जागा विंडोजला परत देत नाही, पुढच्या एंट्र्यांसाठी फाइलमध्येच रिकामी ठेवतो, म्हणून तुमची जुन्या वर्षांची बिलं उडवूनही सी ड्राइव्ह लालच दिसतोय. मॅनेजमेंट स्टुडिओत (एसक्यूएल सर्व्हर हाताळायचं टूल) डेटाबेसवर राइट क्लिक, टास्क्स, श्रिंक, फाइल्स असं गेलात की डेटा आणि लॉग (डेटाबेसमधल्या बदलांची नोंद) या दोन्ही फाइल्सत किती जागा रिकामी आहे ते दिसतं. बिलिंगवाल्या ऑफिसांत बहुतेक वेळा खरा चोर एलडीएफच, म्हणजे लॉगची फाइल, निघतो, कारण रिकव्हरी मॉडेल (लॉग किती काळ जपायचा याची सेटिंग) फुल असतं आणि लॉगचा बॅकअप कोणी घेतच नाही, मग तो वाढतच जातो. लॉग बॅकअप घ्या आणि मग फक्त ती फाइल श्रिंक करा. रोजचा फुल बॅकअप तुम्हाला पुरत असेल तर मॉडेल सरळ सिंपल करून टाका.

एमडीएफ, म्हणजे डेटाची फाइल, श्रिंक करताना मात्र जपून, कारण शेवटची पेजेस (डेटाचे छोटे तुकडे) उचलून फाइलच्या सुरुवातीकडच्या रिकाम्या जागेत कोंबली जातात, इंडेक्स (डेटा पटकन शोधायच्या याद्या) पार विस्कटतात आणि रिपोर्ट रखडायला लागतात, आणि नंतर इंडेक्स रिबिल्ड (नव्याने तयार) केलेत की फाइल परत थोडी वाढते. म्हणून एवढा मोठा डेटा काढलाय तर एकदाच करा, आधी बॅकअप घेऊन, रात्री, थोडी जागा शिल्लक ठेवून. ऑटो श्रिंक (आपोआप श्रिंक करणारी सेटिंग) चालू असेल तर आजच बंद करा.