दीड लाख घेऊन राजीनामा लिहून द्यावा का?

भोसरीहून एका वाचकाने लांब पत्र लिहून विचारलंय, त्यातला मुख्य भाग असा: 'चौदा जणांच्या वर्कशॉपमध्ये व्हीएमसी (संगणकावर चालणारं धातू कापायचं मशीन) सेटर आहे. नोकरीला ११ वर्षं ७ महिने झाली. हातात येणारा एकूण पगार ३१,२००, त्यात बेसिक आणि डीए (महागाई भत्ता) मिळून २०,८००. ऑर्डरी कमी झाल्यात. शेठ म्हणतात, दहा तारखेच्या आत राजीनामा लिहून दे, लगेच दीड लाखाचा चेक देतो. आपली जागा छोटी, इथे कायदा-बियदा लागत नाही, असंही म्हणाले. घराच्या कर्जाचे ६ लाख ४० हजार बाकी आहेत, हप्ता ९,२५०. दीड लाख आणि पीएफची रक्कम कर्जात भरून टाकू का?'

तुमचा प्रश्न कर्जाचा आहे, पण मी आधी त्या राजीनाम्याबद्दल बोलणार आहे. कर्जात पैसे भरून तुम्ही वर्षाला बारा-तेरा हजारांचं व्याज वाचवाल. त्या एका कागदावर मात्र याच्या दसपट रक्कम अडकलेली आहे.

ग्रॅच्युइटी, म्हणजे नोकरी सुटताना मालकाने द्यायची एकरकमी रक्कम, अशी मोजतात: शेवटचा बेसिक अधिक डीए भागिले २६, गुणिले १५, गुणिले नोकरीची वर्षं. सहा महिन्यांच्या वरचा तुकडा पूर्ण वर्ष धरतात, म्हणून तुमची वर्षं १२. २०,८०० भागिले २६ म्हणजे रोजचे ८००. पंधरा दिवसांचे १२,०००. बारा वर्षांचे १ लाख ४४ हजार. हे पैसे तुम्ही राजीनामा दिलात तरी मिळायचेत, कारण पाच वर्षं कधीच उलटली आणि दहा माणसांची अट तुमच्या वर्कशॉपला लागू आहे. म्हणजे शेठ तुमचेच १ लाख ४४ हजार तुम्हाला देऊ करतायत, वर सहा हजार रुपये. या सहा हजारांत ते काय विकत घेतायत ते बघा.

मालकाने काम नाही म्हणून माणूस कमी केला तर ती कपात. कपातीत एक महिन्याची नोटीस किंवा तिचा पगार, आणि दर वर्षामागे पंधरा दिवसांच्या सरासरी पगाराची भरपाई द्यावी लागते. १९४७च्या औद्योगिक विवाद कायद्यात हे होतं आणि २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या औद्योगिक संबंध संहितेतही आहे. 'छोट्या जागेला कायदा लागत नाही' हे अर्धसत्य कुठून आलं तेही सांगतो. कपातीला सरकारची आधी परवानगी घेण्याची अट मोठ्या कारखान्यांना आहे. पूर्वी ती १०० कामगारांपासून होती, आता ३०० पासून. ले-ऑफच्या, म्हणजे काम नाही म्हणून तात्पुरतं घरी बसवल्याच्या, अर्ध्या पगाराची तरतूद ५० च्या खाली लागत नाही. हे आकडे शेठ लोकांच्या तोंडपाठ असतात. पण कपातीच्या नोटीस-भरपाईला माणसांच्या संख्येची अशी अट नाही. तुम्ही स्वतःच्या हाताने राजीनामा दिलात की ती कपात उरतच नाही, आणि भरपाईचा विषय तिथेच संपतो.

तुमची भरपाई मी कमीत कमी धरून काढतो, फक्त बेसिक-डीएवर. अर्ध्या महिन्याचे १०,४०० गुणिले १२ म्हणजे १ लाख २४ हजार ८००. नोटीस दिली नाही तर तिचे २०,८००. शिल्लक रजा तुम्ही २८ दिवस लिहिली आहे, तिचे २२,४००. ग्रॅच्युइटी धरून एकूण ३ लाख १२ हजार. संहितेत आणखी पंधरा दिवसांचा पगार कौशल्य निधीत भरायची तरतूद आहे, ती मी मोजलेली नाही.

आता शेठची बाजू. तुमच्या पत्रात एक ओळ आहे जी त्यांचा वकील आधी वाचेल: 'कार्डावर सुपरवायझर लिहिलंय.' देखरेखीचं काम करणारा आणि १८,००० च्या वर पगार असलेला माणूस संहितेच्या भाषेत कामगार नसतो, म्हणजे त्याला ही भरपाई नाही. मात्र निर्णय कार्डावरच्या शब्दावर होत नाही, प्रत्यक्ष काम काय होतं त्यावर होतो, हे कोर्टांनी वारंवार सांगितलंय. तुम्ही दिवसभर व्हाइसमध्ये जॉब बांधता, टूल ऑफसेट घेता, पहिला पीस तपासून सेटिंग शीटवर सही करता. ती सही तुमची सगळ्यात मोठी ठेव आहे. गेल्या दोन-तीन महिन्यांच्या सेटिंग शीटवरच्या तुमच्या सह्यांचे मोबाईलवर फोटो काढून ठेवा, गिऱ्हाइकाचं ड्रॉइंग मात्र त्यात येऊ देऊ नका. पगारपत्रकं, हजेरी, नेमणूकपत्र घरी आणा. रजा कोणी मंजूर करायचं, ओव्हरटाइम कोणी लावायचं? शेठ आणि त्यांचा भाचा, असं तुम्हीच लिहिलंय. मग तुम्ही सुपरवायझर कसले!

तो भाचाही सेटरच, तीन वर्षांपूर्वी आलेला, आणि तो राहतोय. कपातीत त्याच कामातला शेवटी आलेला माणूस आधी कमी करायचा, असा साधारण नियम आहे. तो मोडायचा असेल तर कारण लेखी नोंदवावं लागतं. भाच्यावर दात धरू नका, पण वाटाघाटीच्या टेबलावर हा मुद्दा शांतपणे ठेवता येतो.

लढायचं का? मी आर्थिक सल्लागार आहे, वकील नाही, म्हणून पैशांच्या भाषेत सांगतो. सहायक कामगार आयुक्तांकडे तक्रार करता येते. तिथे समेट झाला नाही तर पुढे न्यायाधिकरण, आणि तिथे वर्षं जातात. संहितेत दोन वर्षांच्या आत दाद मागायची आहे, आधी तीन होती. तारखांना जायचा खाडा नव्या नोकरीत कोण देणार? म्हणून मी दोन कप्पे करीन. ग्रॅच्युइटी आणि रजेचे मिळून १ लाख ६६ हजार ४०० यांत एक रुपया सोडायचा नाही. भरपाई आणि नोटीस, म्हणजे १ लाख ४५ हजार ६००, यात घासाघीस होऊ द्या. तिथे ऐंशी-पंच्याऐंशी हजार रोख मिळत असतील तर मी घेईन. एकूण अडीच लाख. कामगार-मालकाचं अकरा वर्षांचं नातं आहे, भोसरीत सगळे एकमेकांना ओळखतात, पुढच्या जागी शेठना फोन जाणार. त्याचीही किंमत या सवलतीत धरा.

आता कर्ज. दीड लाख भरलेत तर महिन्याला साधारण १,०७५ रुपयांचं व्याज वाचेल. पण बहुतेक बँका अशा वेळी मुदत कमी करतात, हप्ता नाही. पुढच्या महिन्याच्या पाच तारखेला ९,२५० तसेच कापले जातील आणि तुमच्या हातात पगार नसेल. तुम्ही दिलेल्या आकड्यांनुसार हप्ता, घरखर्च, मुलीची फी मिळून महिना २६,००० लागतात, वहिनींच्या डब्यांतून ७,००० येतात. खड्डा १९,००० चा. सहा महिन्यांचे १ लाख १४ हजार आधी बाजूला, ऑटो-स्वीपच्या खात्यात (जादा रक्कम आपोआप मुदत ठेवीत जाते आणि लागली की काढता येते). उरलेलं नवी नोकरी लागून तीन पगार हातात पडेपर्यंत तिथेच पडू द्या, मग खुशाल कर्जात भरा. हप्ता चुकू देऊ नका, बाकी घाई नाही.

पीएफला हात लावू नका. २०२४-२५ ला त्यावर ८.२५ टक्के व्याज जाहीर झालंय, तुमचं कर्ज ८.६ चं. या फरकासाठी निवृत्तीची पुंजी मोडायची? शिवाय दहा वर्षं पूर्ण झाल्याने तुमचा पेन्शनचा हक्क पक्का झालाय. नव्या जागी जुनाच यूएएन (पीएफचा कायमचा नंबर) द्या, खातं जोडून घ्या. आणि कंपनीच्या ग्रुप मेडिक्लेमचं छत्र नोकरीबरोबर जातं. त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत जाण्याचा अर्ज सुटण्याआधी टाका, वहिनींच्या थायरॉइडचा प्रतीक्षाकाळ नव्याने सुरू होऊ नये म्हणून. कराची चिंता तुमच्या उत्पन्नात नाही.

दहा तारखेला शेठनी कागद पुढे केला तर 'घरी विचारून सांगतो' म्हणा. कोऱ्या व्हाउचरवर, तिकीट लावून ठेवलेल्या पावतीवर सही नको. चेक दिलाच आणि तडजोड झालेली नसेल, तर पावतीवर स्वतःच्या अक्षरात 'उरलेल्या रकमेचा हक्क राखून स्वीकारले' एवढं लिहून तारीख टाका. तडजोड झाली तर पत्रात 'काम कमी झाल्याने कपात' असे शब्द हवेत, आणि ग्रॅच्युइटी, रजा, भरपाई असे तीन आकडे वेगळे हवेत. 'वैयक्तिक कारणास्तव' असं लिहून आलेलं पत्र मला व्हॉट्सअॅपवर पाठवा, सही करायच्या आधी.